प्रसंगचित्रांवर आधारित सर्वेक्षण-प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांत संशोधन करणारे विद्यार्थी आणि क्षेत्रकाम करणाऱ्या संस्था यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. प्रसंगचित्रावर आधारित सर्वेक्षण-प्रयोग म्हणजे नेमके काय? साध्या प्रश्नावलीपेक्षा तो वेगळा कसा?

प्रसंगचित्र, म्हणजेच व्हिन्येट, हे एखाद्या काल्पनिक व्यक्तीचे किंवा परिस्थितीचे चार-सहा वाक्यांचे वर्णन असते. उत्तरदात्याने ते वाचायचे किंवा ऐकायचे आणि त्यावर आपले मत, निर्णय किंवा अंदाज सांगायचा. या वर्णनातला एखादा तपशील संशोधक मुद्दाम बदलतो आणि कोणत्या उत्तरदात्याला कोणते रूप मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे, ठरवले जाते, तेव्हा त्याचा प्रयोग होतो. बाकीचा मजकूर अक्षरशः तोच राहतो. उत्तरदात्यांचे वय, शिक्षण, जात आणि उत्पन्न दोन्ही गटांत सरासरीने सारखेच विभागले गेलेले असल्यामुळे उत्तरांतला फरक त्या बदललेल्या तपशिलाच्या पदरात टाकता येतो. साध्या प्रश्नावलीत अधिक शिकलेले लोक कमी भेदभाव करतात असे दिसले, तरी त्याचे कारण शिक्षण आहे, शहरातले वास्तव्य आहे की शोभेल असे उत्तर देण्याची सवय आहे, याचा उलगडा होत नाही.

सर्वांना एकच प्रसंगचित्र दाखवले, तर ते प्रश्नावलीतले एक साधन झाले, प्रयोग नव्हे. प्रबंधांत ही गल्लत फार दिसते.

२. एखादे उदाहरण द्याल का?

पुढील बहुतेक उत्तरांत वापरता येईल असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या घरमालकांचा अभ्यास करायचा आहे. प्रत्येकाला असे वर्णन दाखवले जाते : ‘आपला एक फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे असे समजा. एजंटने एका भाडेकरूची माहिती कळवली आहे. नाव श्री. अमोल *देशपांडे*, वय ३१. ते *एका बँकेत* नोकरी करतात. ते *पत्नी व मुलासह* राहणार आहेत. घरात *मांसाहार केला जात नाही*. ठरलेले भाडे आणि अनामत रक्कम त्यांना मान्य आहे.’ त्यानंतर प्रश्न येतो : ‘यांना फ्लॅट देण्याची शक्यता ० ते १० या मापावर किती?’

तिरप्या अक्षरांतले चार घटक बदलते आहेत. आडनावाची ३, नोकरीची ४, कुटुंबाची २ आणि आहाराची २ रूपे घेतली, तर ३ × ४ × २ × २, म्हणजे ४८ वेगवेगळी प्रसंगचित्रे तयार होतात. भाडे व अनामत यांचे वाक्य मात्र सर्वांत सारखे ठेवले आहे, आणि ते मुद्दाम ठेवले आहे. त्याचे कारण प्रश्न ७ मध्ये आले आहे.

३. ही पद्धत कोणी सुरू केली?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पूर्ण केलेल्या प्रबंधात या कल्पनेची बीजे आहेत. घटकांची अदलाबदल करून बनवलेल्या प्रसंगचित्रांची पद्धत रॉसी आणि स्टीव्हन नॉक यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे रूढ झाली. पुढे संगणकाच्या मदतीने दूरध्वनीवर मुलाखती घेता येऊ लागल्या, प्रत्येक उत्तरदात्याला वेगळा मजकूर वाचून दाखवणे सोपे झाले आणि पॉल स्नायडरमन यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञांनी वंशविषयक मतांच्या अभ्यासात अशा प्रयोगांचा मोठा वापर केला.

४. लोकांना सरळच का विचारू नये? ‘तुम्ही मुस्लिम भाडेकरूला घर द्याल का?’ हा प्रश्न पुरेसा नाही का?

सरळ प्रश्नाला बहुतेक लोक शोभेल असे उत्तर देतात, ही एक अडचण आहे. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष निर्णय घेताना माणूस एकच गोष्ट पाहत नाही. तो नोकरी, कुटुंब, आहार, आडनाव हे सर्व एकदम तोलतो आणि कोणत्या गोष्टीने पारडे झुकले हे त्याचे त्यालाही अनेकदा सांगता येत नाही. प्रसंगचित्र हे तोलणे बाहेरून दाखवते. शिवाय नकार देण्यासाठी वर्णनात इतर सभ्य कारणेही उपलब्ध असतात, त्यामुळे उत्तरदात्यावरचे दडपण कमी होते. ते नाहीसे होते, असे मात्र नाही. अतिशय संवेदनशील वर्तन मोजायचे असेल, तर यादी-प्रयोग (यादीतल्या किती गोष्टी लागू होतात एवढाच आकडा विचारणे) किंवा यादृच्छिक-उत्तर पद्धत (नाणे किंवा फासा टाकून उत्तर द्यायला लावणे, म्हणजे एकट्याचे खरे उत्तर कळत नाही) यांचाही विचार करावा.

५. प्रसंगचित्र, फॅक्टोरियल सर्वेक्षण आणि कॉन्जॉइंट यांत फरक काय? फ्रेमिंगचे प्रयोगही यातच येतात का?

एखाद-दुसरा तपशील बदलणारे प्रसंगचित्र हा सर्वांत साधा प्रकार. अनेक घटक एकाच वेळी बदलले आणि प्रत्येकाला त्या मोठ्या संचातली काही चित्रे दिली की ते फॅक्टोरियल सर्वेक्षण होते; प्रश्न २ मधले उदाहरण त्याच जातीचे आहे. कॉन्जॉइंटमध्ये माहिती सहसा गोष्टीच्या रूपात न येता तक्त्यात येते आणि बहुधा दोन पर्याय शेजारी ठेवून त्यांतून एक निवडायला सांगतात. बाजार-संशोधनातली ही पद्धत राज्यशास्त्रात रुजवण्यात येन्स हाइनम्युलर, डॅनियल हॉपकिन्स आणि टेप्पेई यामामोटो यांच्या २०१४ च्या लेखाचा वाटा मोठा आहे. भारतात ॲडम ऑरबॅक आणि तारिक थाचिल यांनी जयपूर आणि भोपाळ येथील ११० वस्त्यांतल्या २,१९९ रहिवाशांना काल्पनिक वस्तीप्रमुखांच्या जोड्यांतून निवड करायला सांगितली. कोणते गुण बदलायचे हे त्यांनी वस्त्यांत दीर्घकाळ क्षेत्रकाम करून आधी समजून घेतले होते. हा क्रम अनुकरणीय आहे.

फ्रेमिंगमध्ये तथ्ये तीच राहून मांडणी बदलते. ट्व्हर्स्की आणि काहनमन यांच्या १९८१ च्या प्रसिद्ध प्रयोगात ६०० जणांना धोका असलेल्या साथीचे वर्णन होते. ‘२०० जण वाचतील’ असे मांडल्यावर ७२ टक्के लोकांनी हा खात्रीचा पर्याय निवडला. तोच पर्याय ‘४०० जण मरतील’ असा मांडल्यावर २२ टक्क्यांनीच निवडला. रूप प्रसंगचित्राचेच असले, तरी त्यातून मिळणारा निष्कर्ष वेगळ्या प्रकारचा असतो.

६. किती घटक घ्यावेत आणि एका माणसाला किती प्रसंगचित्रे द्यावीत?

ऐकून उत्तर देणाऱ्याला चार-पाच बदलते तपशील लक्षात ठेवता येतात. त्यापुढे तो एखाददुसऱ्या गोष्टीवर बोट ठेवून बाकी सोडून देतो. वाचणाऱ्याला, विशेषतः तक्त्याच्या रूपात, याहून अधिक पेलतात. अमेरिकेतील ऑनलाइन नमुन्यांवर झालेल्या २०१८ च्या एका अभ्यासात तीसपर्यंत निवडी करूनही उत्तरांची गुणवत्ता फारशी घसरली नाही असे आढळले. त्या आकड्याचा हवाला देऊन शेतावरून दमून आलेल्या माणसाला तीस वर्णने ऐकवू नयेत. तोंडी मुलाखतीत तीन ते पाच ही आमच्या मते व्यवहार्य मर्यादा आहे.

जातीसारखा विषय असेल तर आणखी एक विचार करावा. एकाच माणसाला अनेक चित्रे दाखवली की काय बदलते आहे हे त्याच्या लक्षात येते. अशा वेळी मुख्य विश्लेषण सर्वांच्या फक्त पहिल्या चित्रावर करून पाहावे आणि पुढच्या चित्रांनी निष्कर्ष बदलतो का, ते नोंदवावे.

७. आम्ही जात दाखवण्यासाठी आडनाव बदलतो आहोत. एवढे पुरे आहे ना?

बहुधा नाही. या पद्धतीतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. आपण एक शब्द बदलतो, पण वाचणारा त्या शब्दावरून आणखी दहा गोष्टी मनात भरतो. देशपांडे आणि कांबळे या दोन आडनावांतून घरमालक जात वाचेलच, पण सोबत वडिलांची नोकरी, घरची सांपत्तिक स्थिती, भाडे थकण्याची शक्यता आणि आहार यांबद्दलही अंदाज बांधेल. मग पडलेला फरक जातीबद्दलच्या आकसाचा की भाडे थकेल या भीतीचा? भीतीही पूर्वग्रहातूनच आली असेल, पण संशोधनाचा प्रश्न या दोहोंत फरक करणारा असेल, तर रचनेनेही तो करायला हवा. म्हणूनच प्रश्न २ मध्ये आहार आणि नोकरी उघड सांगितली आहे आणि भाडे व अनामत मान्य असल्याचे वाक्य सर्वांत ठेवले आहे.

ॲलन डॅफो, बाओबाओ झांग आणि डेव्हिन कॉफी यांनी २०१८ मध्ये ही अडचण नेमकी मांडली. त्यांच्यासमोर उदाहरण होते ते लोकशाही देशांवर हल्ला करायला लोक कमी तयार असतात का, हे तपासणाऱ्या प्रयोगांचे. मायकेल टॉम्झ आणि जेसिका वीक्स यांचा २०१३ चा अभ्यास त्यांतला सर्वांत परिचित. वर्णनातल्या देशाला ‘लोकशाही’ म्हटले, की वाचणारा तो देश जगाच्या कोणत्या भागातला, श्रीमंत की गरीब, आपला मित्र की शत्रू, हेही गृहीत धरतो. यावर एक उपाय म्हणजे ज्या गोष्टी मुद्दाम स्थिर ठेवायच्या त्या वर्णनात सांगून टाकणे. दुसरा म्हणजे शेवटी पडताळणीचे प्रश्न विचारणे : ‘या भाडेकरूचे मासिक उत्पन्न किती असेल असे आपल्याला वाटते?’ रूपानुसार हे अंदाज बदलत असतील, तर फरकाचे सर्व श्रेय जातीला देता येणार नाही.

महाराष्ट्रात याच्या उलट बाजूची अडचणही आहे. अनेक आडनावे जात सांगतच नाहीत. जाधव, पवार, गायकवाड, मोरे ही आडनावे मराठा कुटुंबांत आहेत, बौद्ध कुटुंबांत आहेत आणि भटक्या-विमुक्त समाजांतही आहेत. पाटील हे तर गावच्या वतनावरून आलेले आडनाव. कोल्हापूरचा पाटील, रायगडचा आगरी पाटील आणि जळगावचा लेवा पाटील यांना एकाच रकान्यात बसवणे चूक ठरेल. पुण्यात ज्या आडनावातून एक अर्थ निघतो, त्यातून लातुरात दुसरा निघू शकतो. म्हणून मुख्य सर्वेक्षणाआधी त्याच जिल्ह्यातल्या वेगळ्या लोकांना नावांची यादी दाखवून ‘ही व्यक्ती कोणत्या समाजाची असावी?’ असे विचारावे आणि ज्या नावांवर बहुतेकांचे एकमत होते तीच वापरावीत. प्रत्येक गटासाठी एकच नाव न घेता तीन-चार नावे घ्यावीत, म्हणजे एखाद्या नावाची विशिष्ट छटा निष्कर्षावर स्वार होणार नाही.

८. इंग्रजीतले प्रमाणित प्रसंगचित्र मराठीत भाषांतरित करून वापरावे का?

भाषांतर करून पुन्हा इंग्रजीत उलटे भाषांतर करणे ही नेहमीची खबरदारी घ्यावीच, पण ती पुरेशी नाही. इंग्रजी मजकुरात नाव काढून टाकले की स्त्री-पुरुष भेद सहज लपवता येतो. मराठीत क्रियापद तो उघड करते. ‘ही व्यक्ती’ असे लिहिले तरी पुढची क्रियापदे स्त्रीलिंगी होतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाई उभी राहू शकते. लिंग लपवायचेच असेल, तर वर्णन माहितीपत्रकासारखे करावे : ‘वय : ३१. शिक्षण : बी.कॉम. नोकरी : बँकेत.’ नाहीतर लिंग उघड सांगून तोही एक बदलता घटक करावा. हा दुसरा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो.

आदरार्थी रूपांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका रूपात ‘देशपांडे म्हणाले’ आणि दुसऱ्यात ‘कांबळे म्हणाला’ असे झाले, तर प्रयोगात जातीसोबत दर्जाही बदलला आणि तो संशोधकाने स्वतःच्या हाताने बदलला. लेखी मजकुरात ही चूक तपासून काढता येते. पण प्रगणक, म्हणजे मुलाखत घेणारा, मजकूर आपल्या शब्दांत सांगू लागला की ती नकळत परत शिरते. म्हणून मजकूर जसाच्या तसा वाचण्याचा सराव प्रशिक्षणात घ्यावा. कोकणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या भागात प्रमाण मराठीतले वर्णन सरकारी नोटिशीसारखे वाटू शकते. तेथील बोलीत मजकूर आधीच लिहून, ध्वनिमुद्रित करून ऐकवणे उत्तम (प्रश्न १२ पाहा).

९. काही जोड्या विसंगत होतात, उदाहरणार्थ २२ वर्षांचा सेवानिवृत्त अधिकारी. अशा जोड्या काढून टाकाव्यात का?

अशक्य जोड्या काढाव्यात. केवळ विरळ वाटणाऱ्या ठेवाव्यात. मुस्लिम शाकाहारी किंवा मांसाहारी देशपांडे अनेकांना अनपेक्षित वाटेल, पण अशी माणसे आहेत. त्यांना वगळले, तर आहार आणि आडनाव यांचा परिणाम वेगळा करण्याची संधीच आपण घालवतो. जोड्या काढल्यामुळे घटक एकमेकांशी निगडित होतात, हे विश्लेषणात लक्षात घ्यावे लागते आणि कोणत्या जोड्या वगळल्या ते अहवालात सांगावे लागते.

१०. नमुना किती मोठा हवा? गाइड म्हणतात १०० पुरेत.

१०० मधून फार मोठा फरकच दिसेल. दोन रूपांची तुलना आहे, एका गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के लोक होकार देतील अशी अपेक्षा आहे आणि नेहमीचे निकष, म्हणजे ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता), धरले आहेत, असे समजू. तरी प्रत्येक गटात सुमारे ३९० जण लागतात, म्हणजे एकूण जवळपास ७८०. प्रत्येकाला अनेक प्रसंगचित्रे दिली, तर माणसे कमी लागतात. मात्र एकाच माणसाची उत्तरे परस्परांशी जुळलेली असल्याने चार उत्तरे म्हणजे चार माणसे असा हिशेब करता येत नाही.

खरी फसगत आंतरक्रियेच्या, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकानुसार बदलण्याच्या, बाबतीत होते. ‘आडनावाचा परिणाम अविवाहितांच्या बाबतीत अधिक आहे का?’ हे तपासायचे असेल, तर मुख्य परिणामाइतक्याच आकाराच्या आंतरक्रियेसाठी चौपट नमुना लागतो. ती निम्म्या आकाराची असेल, तर सोळापट. आंतरक्रिया हाच प्रश्न असेल, तर बाकीचे घटक कमी करून रचना साधी ठेवावी.

११. प्रत्यक्ष क्षेत्रात यादृच्छिक वाटप कसे करायचे? प्रगणकांवर सोपवले तर चालेल का?

प्रगणकांवर सोपवू नये. टॅबलेटवर कोबो किंवा ओडीके ही सर्वेक्षणाची ॲप वापरत असाल, तर फॉर्ममध्येच यादृच्छिक संख्या तयार करून तिच्यानुसार मजकूर दाखवता येतो. त्या संख्येच्या सूत्राभोवती ‘वन्स’ हे फलन लावायला विसरू नये. नाहीतर फॉर्म पुन्हा उघडल्यावर संख्या बदलते आणि ऐकवलेले रूप एक, नोंदलेले दुसरे, असा घोळ होतो. कागदी प्रश्नावली असेल, तर रूपे आधीच मिसळून, क्रमांक घालून, बंद पाकिटांत द्यावीत.

मुलाखत एकांतात होणे आपल्याकडे कठीण असते. सुनेची मुलाखत चालू असताना सासू शेजारी बसलेली असते आणि ओसरीवर चार शेजारी जमतात. कोण उपस्थित होते याची नोंद प्रत्येक मुलाखतीत करावी. ऐकलेले प्रसंगचित्र संध्याकाळपर्यंत गावभर होते, म्हणून शक्यतो एका गावातले काम एकाच दिवशी उरकावे. प्रगणकाच्या नावावरून आणि बोलण्यावरून त्याची जात ओळखली जाते आणि उत्तर त्याप्रमाणे बदलते. त्यामुळे प्रत्येक प्रगणकाकडे सर्व रूपे समप्रमाणात जातील असे पाहावे आणि विश्लेषणात प्रगणक हा घटक घ्यावा.

१२. उत्तरदात्यांना वाचता येत नसेल तर?

तर ऐकवावे, आणि जमल्यास ध्वनिमुद्रित करून ऐकवावे. भारतातले उत्तम उदाहरण पश्चिम बंगालचे आहे. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामस्थांना गावपुढाऱ्याचे एक भाषण ऐकवले. शब्द तेच होते. कोणाला ते पुरुषाच्या आवाजात ऐकू आले, कोणाला स्त्रीच्या. जेथे प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचे सरपंचपद, स्त्रियांसाठी कधीच आरक्षित झाले नव्हते, त्या गावांतल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातल्या पुढाऱ्याला कमी प्रभावी ठरवले. आरक्षणाचा अनुभव घेतलेल्या गावांत हा फरक जवळजवळ उरला नव्हता. स्त्री-पुढारी आवडते का, या सरळ पसंतीत मात्र तसा बदल दिसला नाही. प्रसंगचित्र सरळ प्रश्नाहून वेगळे काही मोजते, याचा हा चांगला पुरावा आहे.

सायमन शोशार यांनी ग्रामीण भारतात उत्तरदात्यांना एमपी-३ प्लेअर आणि हेडफोन देऊन प्रश्न ऐकवले आणि उत्तरे त्यांची त्यांनाच कागदावर खुणा करून नोंदवू दिली. उत्तर प्रगणकालाही कळत नाही, शेजाऱ्यांनाही नाही. उपकरण आज जुने वाटेल, पण तीच युक्ती साध्या मोबाइलवर करता येते.

१३. ज्यांनी मजकूर नीट वाचला नाही, त्यांना विश्लेषणातून वगळावे का?

प्रसंगचित्र दाखवल्यानंतर विचारलेल्या तपासणी-प्रश्नाच्या आधारे कोणालाही वगळू नये. कोणत्या रूपाकडे लोक अधिक लक्ष देतात, हे त्या रूपावरच अवलंबून असू शकते. मग उरलेले दोन गट तुल्य राहत नाहीत आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेला सगळा फायदा हातचा जातो. जेकब मॉन्टगोमेरी, ब्रेंडन नायहन आणि मिशेल टोरेस यांनी २०१८ मध्ये याच सवयीवर नेमके बोट ठेवले. लक्ष तपासायचे असेल, तर तो प्रश्न प्रसंगचित्राच्या आधी ठेवावा. नंतरच्या तपासणीचा उपयोग आपला मजकूर लोकांपर्यंत पोहोचला की नाही हे कळण्यापुरता करावा.

१४. लोक काल्पनिक प्रसंगात जे सांगतात, ते प्रत्यक्षात तसेच वागतात का?

कधी हो, कधी अजिबात नाही. दोन्ही बाजूंचे भक्कम पुरावे आहेत आणि सोयीचा तेवढाच उद्धृत करण्याचा मोह अनेकांना होतो.

देवाह पेजर आणि लिंकन क्विलियन यांचा २००५ चा अभ्यास अमेरिकेतील मिलवॉकी शहरातला आहे. आधी नोकरीसाठी प्रत्यक्ष उमेदवार पाठवून नोकरी देणारे मालक कोणाला परत बोलावतात ते पाहिले होते. नंतर त्याच मालकांना दूरध्वनीवरून तशाच उमेदवाराचे, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या तरुणाचे, प्रसंगचित्र ऐकवले. उमेदवार गोरा असो वा काळा, ६० टक्क्यांहून अधिक मालकांनी त्याला कामावर घेण्याची शक्यता बोलून दाखवली. प्रत्यक्षात अशा गोऱ्या उमेदवारांपैकी १७ टक्के आणि काळ्या उमेदवारांपैकी अवघे ५ टक्के परत बोलावले गेले होते. प्रसंगचित्रात वंशाचा परिणाम शून्य, व्यवहारात तिपटीहून अधिक.

याच्या उलट हाइनम्युलर, डॉमिनिक हँगार्टनर आणि यामामोटो यांचा २०१५ चा स्वित्झर्लंडमधला अभ्यास. तेथील काही नगरपालिकांत परदेशी रहिवाशांना नागरिकत्व द्यावे की नाही हे एकेकाळी गुप्त मतदानाने ठरत असे आणि मतदारांना अर्जदाराची माहिती देणारे पत्रक मिळत असे. तशीच माहिती सर्वेक्षणात दिल्यावर आलेले निकाल खऱ्या मतदानाशी बरेच जुळले, आणि जोडीतून निवड करायला सांगणारी रचना सर्वांत जवळ गेली.

आमचे वाचन असे आहे : प्रत्यक्ष निर्णयही थोड्याशा लेखी माहितीवर, एकांतात आणि स्वतःला किंमत मोजावी न लागता होत असेल, तर प्रसंगचित्र त्याच्या जवळ जाते. निर्णय समोरासमोर, घाईत आणि स्वतःच्या खिशाला झळ लागेल असा असेल, तर ते दूर राहते. घर भाड्याने देणे दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणूनच सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या पाच शहरांतला भेदभाव मोजताना (२०१५) प्रत्यक्ष घर शोधणारे लोक पाठवले आणि दूरध्वनी केले. दलित आणि मुस्लिम अर्जदारांना उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा अधिक अडथळे आले. थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये नोकरीच्या खऱ्या जाहिरातींना काल्पनिक अर्ज पाठवून असेच काम केले होते. ‘भेदभाव किती होतो?’ हा प्रश्न असेल, तर असे क्षेत्र-प्रयोग करावेत. ‘कोणत्या माहितीने निर्णय बदलतो?’ हा असेल, तर प्रसंगचित्र उपयोगी पडते.

वैद्यकीय क्षेत्रात तर ही तफावत हाच अभ्यासविषय झाला आहे. जिष्णु दास आणि जेफ्री हॅमर यांनी दिल्लीतील डॉक्टरांना काल्पनिक रुग्ण मांडून काय कराल ते विचारले आणि नंतर त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले. डॉक्टरांना जितके माहीत होते, तितके ते करत नव्हते.

१५. उत्तरदात्याने आमचे गृहीतक ओळखले तर प्रयोग वाया जातो का?

जोनाथन मुमोलो आणि एरिक पीटरसन यांनी २०१९ मध्ये काही उत्तरदात्यांना गृहीतक आधीच सांगून पाहिले. निकालांत लक्षणीय फरक पडला नाही. तो अभ्यास अमेरिकेतला आणि ऑनलाइन होता. ‘ताई लांबून आल्या आहेत, त्यांना हवे ते उत्तर देऊ’ ही भावना समोरासमोरच्या मुलाखतीत अधिक असते, एवढे ध्यानात ठेवावे.

१६. आरोग्य सर्वेक्षणांतली ‘अँकरिंग’ प्रसंगचित्रे म्हणजे हेच का?

नाही, उद्देश वेगळा आहे. २००२ मध्ये अमर्त्य सेन यांनी लक्षात आणून दिले की केरळचे आयुर्मान बिहारपेक्षा कितीतरी जास्त असूनही ‘आजारी आहोत’ असे सांगणारे केरळमध्येच अधिक आहेत. लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. ती ओळखण्यासाठी स्वतःबद्दलच्या प्रश्नासोबत काही ठरावीक काल्पनिक व्यक्तींचे वर्णन देऊन त्यांनाही त्याच मापावर बसवायला सांगतात. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की सरकारात आपल्या शब्दाला किती वजन आहे या प्रश्नावर चिनी लोकांची उत्तरे मेक्सिकन लोकांपेक्षा वरची होती. प्रसंगचित्रांच्या आधारे दुरुस्ती केल्यावर क्रम उलटला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने भारतात राबवलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या वार्धक्य आणि प्रौढांच्या आरोग्याच्या सर्वेक्षणात अशी प्रसंगचित्रे होती आणि त्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता.

येथे मजकूर सर्वांना एकच दिला जातो, म्हणून प्रश्न १ च्या अर्थाने हा प्रयोग नव्हे. या पद्धतीची दोन गृहीतके आहेत : वर्णनाचा अर्थ सर्वांना सारखाच लागतो, आणि माणूस स्वतःला व त्या काल्पनिक व्यक्तीला एकाच पट्टीने मोजतो. दुसरे अनेकदा डळमळते.

१७. विश्लेषण कसे करायचे?

दोन-तीन रूपांच्या साध्या प्रयोगाला सरासरींची तुलना पुरते. अनेक घटक असतील, तर साधे समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढणारे गणित) करावे आणि प्रत्येकाने अनेक उत्तरे दिली असल्यास प्रमाणित त्रुटी (अंदाज किती अनिश्चित आहे याचे माप) उत्तरदात्यानुसार गटबद्ध कराव्यात. ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ‘सीजॉइंट’ आणि ‘क्रेग’ ही पॅकेजेस त्यासाठी आहेत.

दोन ठिकाणी जपावे. स्त्रिया आणि पुरुष, किंवा शहरी आणि ग्रामीण, अशा उपगटांच्या गुणकांची (समाश्रयणातून आलेल्या परिणामाच्या आकड्यांची) थेट तुलना केल्यास आधारभूत पातळी (ज्याच्याशी इतर रूपांची तुलना होते ते रूप) कोणती घेतली यावर निष्कर्ष बदलू शकतो. थॉमस लीपर, सारा होबोल्ट आणि जेम्स टिली यांनी २०२० मध्ये दाखवल्याप्रमाणे अशा वेळी सीमांत सरासरी, म्हणजे त्या-त्या रूपाला मिळालेल्या उत्तरांची सरासरी, द्यावी. दुसरे, सरासरी परिणाम धन आला म्हणजे बहुसंख्य लोकांना तो गुण हवा आहे, असे नव्हे. थोड्या लोकांची तीव्र पसंती अनेकांच्या सौम्य नापसंतीला झाकू शकते.

१८. नीतिशास्त्र समिती काय विचारेल? माणसे काल्पनिकच तर आहेत.

माणसे काल्पनिक असली, तरी ऐकणारी खरी असतात. कौटुंबिक हिंसाचाराचे प्रसंगचित्र ऐकणारी स्त्री स्वतः तेच भोगत असू शकते, आणि तिचा नवरा दाराआड उभा असू शकतो. मदतीचे क्रमांक, मुलाखत थांबवण्याची मुभा आणि एकांत नसेल तर तो भाग वगळण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा. नावे गावातल्या खऱ्या व्यक्तींशी जुळत नाहीत, हे स्थानिक माणसाकडून तपासून घ्यावे. एखादी खोटी गोष्ट, उदाहरणार्थ योजनेचे निकष किंवा कायद्याची तरतूद, खरी म्हणून सांगितली असेल, तर मुलाखतीअंती ती दुरुस्त करून सांगावी.

१९. फरक शून्य आला. प्रबंधात काय लिहू?

शून्य फरक हाही निकाल आहे, पण त्याआधी तीन शंका फेडाव्यात. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा, इतकी रुंद तर नाही ना, की मोठा परिणामही तिच्यात बसेल? बदललेला तपशील लोकांच्या लक्षात आला होता का? आणि लोकांना ती माहिती आधीपासूनच इतकी ठाऊक होती का, की आपण नवे काही सांगितलेच नाही? सर्वजण मापाच्या एकाच टोकाला असतील, तरीही फरक दिसत नाही. गृहीतके आणि विश्लेषणाची योजना आधी नोंदवलेली असेल, तर शून्य निकाल मांडताना संकोचण्याचे कारण उरत नाही.

२०. सर्वेक्षण निम्मे झाले असतानाच आमच्या प्रसंगचित्रासारखी घटना बातम्यांत आली. आता सगळे टाकून द्यावे का?

टाकू नये. यादृच्छिक वाटप रोज चालू असल्यामुळे घटनेपूर्वीच्या मुलाखतींत दोन्ही रूपे आहेत आणि नंतरच्यांतही. प्रत्येक कालखंडाच्या आतली तुलना वैध राहते. परिणाम मात्र दोन्ही कालखंडांत सारखा असेलच असे नाही, म्हणून मुलाखतीची तारीख आणि वेळ वापरून दोन्ही आकडे स्वतंत्रपणे द्यावेत. घटनेपूर्वीची आणि नंतरची सरासरी परस्परांशी ताडून तो घटनेचाच परिणाम असे म्हणू नये, कारण नंतर भेट दिलेली गावे मुळातच वेगळी असू शकतात. मजकूर मध्येच बदलू नये. याला एकच अपवाद आहे : प्रसंगचित्रातली व्यक्ती आता एखाद्या खऱ्या पीडिताची आठवण करून देत असेल, तर काम त्याच दिवशी थांबवावे, नीतिशास्त्र समितीला लेखी कळवावे आणि नव्या मजकुरासह घेतलेल्या मुलाखती वेगळा प्रयोग म्हणून नोंदवाव्यात.